एस्काफ्लोने : आमच्या बाहेरच्या खोलीत बघितलेले २६ भाग

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दर शनिवारी एकच कार्यक्रम असायचा. ताई आणि भाचा भांडुपवरून संध्याकाळची गाडी पकडून करी रोडला उतरायचे, तिथून चालत लालबागला, भिजलेल्या छत्र्या गॅलरीत उघड्या ठेवायच्या, आणि मग जेवायच्या आधी दोन भाग, जेवून एक, असं करत करत आम्ही पाच जणांनी 'द व्हिजन ऑफ एस्काफ्लोने' ही जपानी ॲनिमेशन मालिका नऊ शनिवारांत संपवली, २६ च्या २६ भाग, एकही न गाळता. डिस्कचा सेट माझ्या मित्राने बाहेरून आणलेला, त्याच्याकडे पडून होता, मी मागून घेतला. मला वाटलेलं मी आणि भाचाच बघू. पण चाळीत बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला की तो सगळ्यांचाच असतो.

आधीच सांगतो, मला ही सिरीज जाम आवडली, आणि ती का आवडली ते मला एकट्याने बघून कळलं नसतं. प्रत्येकजण वेगळंच काहीतरी बघत होता, म्हणून सगळ्यांची मतं लिहितोय. पुढे गोष्ट बऱ्यापैकी फुटणार आहे, ज्यांना कोरी बघायचीय त्यांनी इथेच थांबा आणि बघून मग या.

मालिका १९९६ ची. सनराइज स्टुडिओ, दिग्दर्शक काझुकी आकाने, मूळ कल्पनेत शोजी कावामोरी, तोच, 'मॅक्रॉस' ही रोबोटवाली मालिका करणारा. तेव्हा बहुतेक सगळं हाताने रंगवायचे सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, आणि ते दिसतं. आकाश बघा फक्त, गेया नावाच्या त्या जगातून वर बघितलं की आपली पृथ्वी आणि आपला चंद्र दोन्ही शेजारी शेजारी लटकलेले दिसतात, आणि तिकडची माणसं आपल्या पृथ्वीला मायावी चंद्र म्हणतात. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आई भाजी निवडता निवडता थांबली, बोलली, म्हणजे आपण आत्ता तिथे वर आहोत का? हो गं आई, आपण वर आहोत.

गोष्ट अशी सुरू होते की हितोमी नावाची पंधरा वर्षांची शाळेतली मुलगी आहे, धावपटू, आणि टॅरोचे पत्ते वाचून मैत्रिणींना भविष्य सांगते. तिला तिचा सीनियर आवडतो, तो परदेशी निघालाय, म्हणून ती त्याला सांगते की मी १०० मीटर १३ सेकंदांत मारले तर माझं पहिलं चुंबन तू घे. आजीने दिलेलं लोलक गळ्यात आहे, ते बरोबर सेकंदाला एकदा हलतं, त्याच्यावरच वेळ मोजायची. ती धावते आणि ट्रॅकवर मधेच प्रकाशातून एक चिलखत घातलेला पोरगा उगवतो, व्हान, त्याच्या मागोमाग ड्रॅगन. इथे भाचा सोफ्यावरून खाली उतरून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसला तो नऊ आठवडे तिथेच.

आता आमची अडचण अशी की आवाज जपानी, खाली सबटायटल इंग्रजी, आणि आईला ते वाचता येत नाही, बाबांना वाचता येतं पण तेवढ्या वेगाने नाही. मग भाचा वाचून मराठीत सांगायला लागला. तेरा वर्षांचा आहे, पहिल्या दोन भागांत अडखळला, मग त्याची अशी काही भाषा बसली की व्हान एकदम आमच्या गल्लीतला वाटायला लागला. यातल्या लढाईच्या यंत्रांना, म्हणजे माणूस आत शिरून चालवतो त्या भल्यामोठ्या रोबोटांना, गायमेलेफ म्हणतात, आणि झायबाख हे शत्रूचं राज्य. भाचा जोरात बोलला, "झायबाखचे गायमेलेफ आले!" आणि आई आतून धावत, "कुठे गाय मेली?" तेव्हापासून आमच्याकडे त्या यंत्रांना मेलेफच म्हणतात, गाय काढून टाकलीय.

आणि यंत्रांबद्दलच मला जास्त बोलायचंय. मी मेका, म्हणजे मोठ्या रोबोटांच्या प्रकारातलं बऱ्यापैकी बघितलंय, बहुतेक ठिकाणी रोबोट म्हणजे हलकं प्रकरण असतं, उडतो, फिरतो, लेझर मारतो, मधला माणूस बटणं दाबतो. एस्काफ्लोने हे व्हानचं यंत्र, त्यात तसं नाही. व्हान आत शिरतो तेव्हा हात-पाय पट्ट्या-सांगाड्यात अडकवतो आणि तो जसा हात उचलेल तसा यंत्राचा हात उचलतो, तलवार तो स्वतःच्या खांद्याच्या जोरावर फिरवतो, धापा टाकतो. पाय टाकला की जमीन दबते. पाठीवर भलंमोठं कापड आहे, ते वाऱ्यावर फडफडतं. आणि त्याचं ड्रॅगनच्या आकारात रूपांतर झालं की व्हान आत नसतोच, बाहेर पाठीवर उघड्यावर उभा राहून लगाम धरून उडवतो, घोडेस्वारासारखा. यंत्रांची डिझाइन किमितोशी यामानेची, आणि या माणसाने प्रत्येक सांध्याचा विचार केलाय असं वाटतं.

बाबा सुरुवातीला पेपर वाचत बसायचे. १९७४ पासून ते कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, ८२ चा संप झाला, परत गेलेच नाहीत. त्यांनी पेपर खाली ठेवला तो कुठे, तर व्हान एस्काफ्लोनेला जागं करतो तिथे. ड्रॅगनच्या काळजातून काढलेला लाल खडा त्याच्यात बसवायचा, रक्ताचा करार करायचा, मग ते चालतं. आणि पुढे एका वळणावर असं होतं की यंत्राला जिथे जखम होते तिथे व्हानच्या अंगावर जखम उठते. आत कुणी मारत नाही त्याला, पण रक्त येतं. भाच्याला हे पटत नव्हतं, तो बोलला असं कसं, लोखंडाला लागलं तर ह्याला कशाला लागेल? बाबांनी भुवईच्या वरची खूण दाखवली, म्हटलं, धोटा उडून लागलेला. मग बोलले, साचा बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलायचा, आपल्याला कानाला नाही कळायचं, दातात कळायचं, रात्रपाळी करून घरी आलो तरी हात त्याच चालीवर हलायचे झोपेत. चार साचे बघणारा माणूस चार साच्यांचं दुखणं घेऊन घरी यायचा. ही गोष्ट मी घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. खूण रोज बघत होतो.

तर माझं म्हणणं हे की या मालिकेत ताकद फुकट मिळत नाही, वापरणाऱ्याच्या अंगातून वसूल होते. तलवार चांगली फिरायला लागते तसतसा व्हान मारण्यात रमायला लागतो, आणि हितोमीला तो त्या यंत्रात शिरताना बघवत नाही. मला एवढ्या प्रामाणिकपणे हे दाखवणारी दुसरी मेका मालिका चटकन आठवत नाही. शत्रूची यंत्रं त्याच्या उलट आहेत, झायबाखचे मेलेफ अदृश्य होतात, हातातून वितळलेल्या धातूसारखे भाले सोडतात, दुसऱ्याच भागात फानेलिया हे व्हानचं आख्खं गाव-राज्य जळून जातं आणि मारणारे दिसतच नाहीत. तो भाग बघताना आमच्याकडे कोणी बोललं नाही.

आता दुसरी बाजू, भविष्याची. आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर आई रोज सकाळी बघते, राहुकाळ, रास, सगळं. त्यामुळे हितोमीचे पत्ते तिला लगेच कळले, समजवावे लागले नाहीत. हितोमीला पुढचं दिसतं, कोण मरणार ते दिसतं, अदृश्य मेलेफ कुठे आहे ते दिसतं, म्हणून लढाईत सगळ्यांना ती हवी असते. आणि झायबाखचा सम्राट डॉर्नकर्क, यंत्रांना जोडलेला म्हातारा, त्याचं आयुष्यभराचं काम म्हणजे नशीब बदलायचं यंत्र. वस्तूला जशी पृथ्वी ओढते तसं माणसाला नशीब ओढतं, मग ती ओढ मोजता येईल, फिरवता येईल, असं त्याचं गणित. हा डॉर्नकर्क कोण निघतो? आयझॅक न्यूटन! आपला सफरचंदवाला, म्हातारपणी पृथ्वीवरून गेयावर ओढला गेलेला. भाच्याच्या शाळेत तेव्हाच गुरुत्वाकर्षण चालू होतं, तो उभाच राहिला. ऐकायला हे ओढूनताणून वाटेल, पण खरा न्यूटनही किमयेच्या मागे वर्षानुवर्षं होता, वह्या भरून लिहिलंय त्याने, त्यामुळे हे मला आवडलं, पटलं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र ताईमुळे कळली. अस्तुरियाची राजकन्या मिलेर्ना, तिचं लग्न ड्रायडन नावाच्या व्यापाऱ्याशी ठरतंय, तिचं मन ॲलन नावाच्या सरदारात आहे. ती हितोमीला विचारते, पत्ते बघून सांग, करू का लग्न? पत्ते वाईट येतात. आणि हितोमी खोटं सांगते, कर म्हणते, कारण ॲलन तिला स्वतःलाही आवडायला लागलाय.

ताईला कडक मंगळ. चोविसाव्या वर्षी बघायला सुरुवात केली, तेहतिसाव्या वर्षी लग्न झालं, मधली स्थळं पत्रिका बघून परत गेली, काही तर चहा पिऊन गेल्यावर दोन दिवसांनी फोनवर. चांगला नवरा मिळाला, ती खूश आहे, तो विषय आमच्याकडे कोणी काढत नाही. तो भाग संपला, भाच्याने पुढचा लावायला रिमोट उचलला, आणि ताई बोलली, थांब जरा. मग बोलली, पत्ते काय म्हणतात ते कोणीच बघत नाही, वाचणारा कोण आहे आणि त्याला काय हवंय तेच चालतं शेवटी. आई उठून आत गेली गॅस बघायला. गॅसवर काही नव्हतं.

पुढच्या शनिवारी टीव्ही लावायच्या आधी आईनेच विचारलं, त्या मिलेर्नाचं काय झालं रे. मी जास्त काही लिहीत नाही यावर.

पण या धाग्याचं जे पुढे होतं ते मला फार मोलाचं वाटतं. हितोमीला हळूहळू कळतं की ती भविष्य नुसतं बघत नाहीये, ती घाबरते, वाईट होईल वाईट होईल असं मनात घोळवते, आणि तेच समोर येऊन उभं राहतं. म्हणजे तिची भीतीच ओढ झालीय. मग ती पत्ते वाचायचं सोडते. फॅन्टसीत सहसा नायिकेची शक्ती वाढत जाते, इथे ती आपली शक्ती बाजूला ठेवायला शिकते, आणि हे करायला तिला किती जड जातंय ते तुम्हाला दिसतं. पंधरा वर्षांची पोरगी आहे ती, तिला घरी जायचंय, आणि सगळे मोठे लोक तिला दुर्बिणीसारखं वापरतायत.

आईचं आवडतं पात्र फोल्केन. व्हानचा मोठा भाऊ, राजा व्हायला ड्रॅगन मारावा लागतो, त्याला ते जमलं नाही, हात गेला, झायबाखने वाचवलं, आता तो शत्रूच्या बाजूने लोखंडी हात घेऊन उभा. त्याची आई त्याला शोधायला गेली ती परत आली नाही. आमच्या आईला फोल्केन वाईट आहे हे मान्यच नव्हतं, शेवटपर्यंत ती भाच्याला विचारत होती, आता तरी भेटले का भाऊ भाऊ? मलाही हे आवडलं की फोल्केनला खरंच लढाई नसलेलं जग हवंय, त्यासाठी तो जे करतो ते भयंकर आहे, आणि मालिका या दोन्ही गोष्टी झाकत नाही.

भाच्याची मतं वेगळी. त्याला पहिली तक्रार नाकांची. नोबुतेरू युकीने काढलेली सगळी माणसं लांब टोकदार नाकाची आहेत आणि हे खरं आहे, बाजूने दिसलं की पहिले तीन भाग लक्ष नाकावरच जातं, मग सवय होते आणि नंतर बाकीच्या मालिकांतले चेहरे चपटे वाटायला लागतात. दुसरी तक्रार, मेलेफची लढाई दर भागात नाही. बरोबर आहे, रोबोट बघायला बसाल तर मधे मधे दरबार, लग्न, रुसवेफुगवे भरपूर. ही मालिका अर्धी मुलांच्या ॲक्शनची आणि अर्धी मुलींच्या प्रेमकथेची आहे, दोन्ही अर्ध्या एकमेकांत कालवलेल्या. मला वाटतं म्हणूनच पाच जण टिकले. नुसती लढाई असती तर ताई तिसऱ्या शनिवारी आली नसती.

त्याला सगळ्यात आवडला डिलांडाउ, तो आग लावणारा, हसत हसत जाळणारा वेडा पोरगा, गालावर जखम झाल्यावर त्या जखमेसाठी जगणारा. आणि त्याचं जे रहस्य शेवटाकडे उघडतं ते ऐकून भाचा दोन मिनिटं सबटायटल वाचायचाच विसरला, आम्ही सगळे ओरडतोय काय झालं काय झालं. डिलांडाउचा आवाज मिनामी ताकायामा, म्हणजे डिटेक्टिव्ह कोनानचा आवाज. व्हानच्या मागे फिरणारी मांजर-पोरगी मर्ल, तिचा आवाज इकुए ओतानी, म्हणजे पिकाचू! हे मी सांगितल्यावर भाचा मर्ल बोलली की डोळे मिटून ऐकायचा. आणि हितोमीचा आवाज माया साकामोतो, तेव्हा सोळा वर्षांची, सुरुवातीचं गाणंही तिनेच म्हटलंय, "याकुसोकु वा इरानाई", म्हणजे वचन नको. खरोखरच्या सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे तो, रडताना फाटतो, आणि तसाच ठेवलाय.

संगीत योको कान्नो आणि हाजिमे मिझोगुची. कान्नो म्हणजे दोन वर्षांनी 'काउबॉय बीबॉप' या मालिकेचं संगीत जिने केलं ती. इथे मोठा वाद्यवृंद आहे आणि माणसांचा कोरस, लढाईत जेव्हा तो पुरुषांचा कोरस एकच शब्द ठोकत ठोकत वर चढतो तेव्हा अंगावर काटा येतो, आमच्या शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या एकदा, कसली आरती लावलीय म्हणून. काकूंना खुर्ची दिली, त्या तो भाग पूर्ण बघून गेल्या. हे संगीत टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका, जमलं तर साधा का होईना बाहेरचा स्पीकर जोडा.

कुठे कमी पडते तेही लिहितो कारण मला ही मालिका लोकांनी बघायला हवीय आणि फसल्यासारखं वाटायला नकोय. मुळात ३९ भागांची आखणी होती, ती २६ वर आणली, आणि ते शेवटच्या सात-आठ भागांत जाणवतं. पहिल्या अर्ध्यात फ्राइड नावाच्या राज्याला, तिथल्या छोट्या चिड राजकुमाराला नीट वेळ मिळतो, तो एवढासा पोरगा बाप गेल्यावर गादीवर बसतो तो प्रसंग कुठेही घाई न करता केलाय. शेवटाकडे मात्र आख्खी आघाडी, नवे देश, नवं शस्त्र, डिलांडाउचं सगळं, फोल्केनचं सगळं, एकावर एक येत जातं. ड्रायडनला अजून जागा हवी होती, तो मला आवडलेला, पैसेवाला आहे पण बायकोच्या नजरेत लायक व्हायची त्याची धडपड खरी आहे, आणि ते अर्धवट राहतं. ॲलन मला शेवटपर्यंत पटला नाही. देखणा, शूर, आणि प्रत्येक बाईशी त्याच स्वरात बोलणारा. ताईचं मत याहून कडक आहे. मधे झायबाखवाले नशिबाचं यंत्र लावून हितोमी आणि ॲलनला मुद्दाम जवळ आणतात, पुलावर, पावसात, व्हान बघतोय, ते दिसायला सुंदर आहे, पण मग त्या दोघांच्या भावनेतलं खरं किती आणि यंत्राचं किती हा प्रश्न मालिका विचारून सोडून देते. मला उत्तर नकोय, पण अजून एक भाग तरी त्या प्रश्नावर हवा होता.

शेवटाबद्दल काही बोलत नाही, एवढंच की व्हान यंत्राचं काय करतो ते बघून बाबा बोलले, बरोबर केलं. आणि भाचा चिडला, त्याला हितोमीने केलेला निर्णय मान्य नाही, अजूनही फोनवर भांडतो माझ्याशी.

दहाव्या शनिवारी आम्ही २००० चा सिनेमाही बघितला. तो पुढचा भाग नाही, तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने, हितोमी तिथे खचलेली, नाहीसं व्हायची इच्छा असलेली मुलगी आहे, रक्त जास्त आहे, चित्रं अजून सुंदर आहेत. पण दीड तासात माणसं ओळखीची होत नाहीत, आई अर्ध्यात झोपली. आधी मालिका बघा, सिनेमा नंतर. आणि अमेरिकेत २००० साली टीव्हीवर कापून, संगीत बदलून दाखवलेलं एक रूप आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात पहिला भागच गाळलेला. म्हणजे ती १०० मीटरची शर्यत नाही, १३ सेकंद नाहीत, लोलक सेकंदाला हलतं हे कळतच नाही. बसाल तेव्हा पहिले दोन भाग एका बैठकीत बघा, पाऊण तास लागतो, शाळेच्या मैदानापासून फानेलिया जळेपर्यंत. लहान मूल बरोबर असेल तर दुसऱ्या भागाला त्याच्या शेजारी बसा.